कुक्षी, किंजल्क आणि आमची मुले

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या वर्धा नगरीत शहाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. अशा प्रसंगी मराठी ही ज्ञानभाषा झाली पाहिजे, हे वाक्य ठरलेलेच असते. या इच्छेशी आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्ञानभाषा ही ठरावाने होत नाही व दर्जाच्या दाखल्यानेही होत नाही. डोळ्यांपुढच्या वस्तूच्या एकेका भागाला एकेक नाव असावे, ते नाव ऐकताच तो भाग मनापुढे यावा, आणि विद्वान व विद्यार्थी या दोघांनाही ते एकच असावे, एवढी साधी व्यवस्था ज्या भाषेत झाली ती ज्ञानभाषा. ही व्यवस्था मराठीत कितपत झाली आहे हे पाहण्यासाठी मोठ्या शास्त्रांकडे धाव घेण्याचे कारण नाही. एक फूल पुरे आहे.

वनस्पतिशास्त्र शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून येणाऱ्या मुलामुलींना आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यांतील बहुतेकांच्या घरी कपाशी, तूर, हरभरा व आता सोयाबीन यांची शेती आहे. यांतील कोणाही मुलाला 'पाते' म्हणजे काय हे विचारा, तो क्षणात सांगेल की कपाशीची कळी. तिला बाहेरून तीन हिरवी झालरीची पाने असतात, पुढे तिचे फूल होते व फुलाचे बोंड. त्याच मुलाला 'निदलपुंज' म्हणजे काय हे विचारा. तो प्रथम छताकडे पाहील, मग पाठ केलेली व्याख्या म्हणेल. व्याख्या बिनचूक असेल, परंतु हातातल्या फुलात तो भाग दाखव म्हटले की बोट अडखळेल. ज्याने शेकडो पाती पाहिली, मोजली, गळताना पाहून हळहळला, त्याला फुलाचे ज्ञान नाही असे कोण म्हणेल? ज्ञान आहे, पुस्तकाने त्या ज्ञानाशी ओळख ठेवली नाही, एवढेच.

ही ओळख का तुटली, ते पाहू. फुलाच्या मध्यभागी जो स्त्रीकेसर असतो त्याचे तीन भाग पडतात. वरचे टोक, ज्यावर पराग येऊन चिकटतो. मधली बारीक नळी. आणि खालचा फुगीर भाग, ज्यात पुढे बिया धरतात. यांपैकी वरच्या टोकाला आमची शालेय पुस्तके 'कुक्षी' म्हणतात व मधल्या नळीला 'कुक्षीवृंत'. आता कुक्षी हा शब्द संस्कृत असला तरी मराठी घरात तो परका नाही. 'कूस' हा त्याचाच अवतार. कुक्षी म्हणजे पोट, उदर, गर्भाचे स्थान. म्हणजे ज्या अवयवाचे पोट खरोखर खाली आहे, त्याचे पोट आम्ही डोक्यावर नेऊन ठेवले. संस्कृत न जाणणाऱ्या मुलाला या शब्दाने काहीच कळत नाही, आणि संस्कृत जाणणाऱ्याला उलटे कळते! दोहोंपैकी अधिक वाईट कोणते, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

शालेय पुस्तकांवर आम्ही रुसलो तर विश्वकोशाकडे जावे. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश हा आमच्या भाषेचा अभिमान आहे. त्यातील वनस्पतींवरच्या नोंदींनी आमच्यासारख्या कित्येकांचे अध्यापन पोसले आहे. तेथे याच टोकाला 'किंजल्क' म्हटले आहे, नळीला 'किंजल' आणि खालच्या भागाला 'किंजपुट'. शब्दांची जुळणी नेटकी आहे. परंतु संस्कृत साहित्यात किंजल्क म्हणजे कमळाचा केसर. अमरकोशाने किंजल्क व केसर हे एकमेकांचे पर्याय म्हणूनच दिले आहेत. म्हणजे ज्या शब्दाने परंपरेने फुलातला परागयुक्त तंतू दाखविला, तोच शब्द परागाची वाट पाहणाऱ्या स्त्रीभागाला चिकटविला. वराचे नाव वधूला दिल्यासारखे हे झाले. हिंदीची गोष्ट निराळी. तेथे त्या नळीला 'वर्तिका' म्हणतात व टोकाला 'वर्तिकाग्र'. म्हणजे वात आणि वातीचे टोक. हिंदीच्या परिभाषाकारांना निदान देवापुढची समई तरी आठवली!

येथे संस्कृतनिष्ठ परिभाषेच्या कैवाऱ्यांचा मुख्य मुद्दा तपासून घेऊ. त्यांचे म्हणणे असे की, संस्कृतावरून शब्द घडविले म्हणजे साऱ्या भारताला एकच परिभाषा मिळते. याच विचाराने १९४० च्या दशकात नागपुरास राहून डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या बळावर हजारो शब्द घडविले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल व उद्योगाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. परंतु फळ काय झाले? फुलाच्या एका टोकाला महाराष्ट्राच्या शाळेत कुक्षी, महाराष्ट्राच्याच विश्वकोशात किंजल्क, आणि नागपूरच्या पलीकडे सीमा ओलांडताच वर्तिकाग्र. तिन्ही शब्द संस्कृत, तिन्ही शुद्ध, आणि तिन्ही निराळे. संस्कृताने ऐक्य होते हा सिद्धांत ज्या उदाहरणाने सिद्ध व्हावयाचा, त्याच उदाहरणाने तो कोसळतो. शब्द एकच असावा यासाठी एका मूळ भाषेचा उपयोग होत नाही. एकत्र बसून निर्णय करण्याची व तो पाळण्याची शिस्त लागते. ती नसेल तर संस्कृताच्या अफाट भांडारातून प्रत्येकजण आपापल्या आवडीचे रत्न उचलणारच.

बाकीच्या शब्दांची गतही पाहण्यासारखी आहे. कळीला बाहेरून झाकणाऱ्या हिरव्या पानांना शालेय पुस्तक 'निदल' म्हणते. 'नि' हा उपसर्ग मराठी मुलाच्या कानाला अभाव सांगतो. तेव्हा निदल म्हणजे दले नसलेले, असा त्याने अर्थ केला तर तो भाषेच्या दृष्टीने बरोबरच ठरतो. विश्वकोशात त्यांना 'संदले' म्हटले आहे. आमच्या भागात संदल म्हटले की उरुसातील चंदनाची मिरवणूक आठवते. स्त्रीकेसरांच्या समूहाला 'जायांग' म्हणतात. जाया म्हणजे पत्नी हे ज्याच्या कानावर कधी पडलेच नाही, त्याला जायांग हे जायबंदी झालेले अंग वाटले तर तो दोष मुलाचा नव्हे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हा पक्ष म्हणतो, ही सारी उठाठेव हवी कशाला? पेटल, सेपल, स्टॅमेन, पिस्टिल हे शब्द जगभर चालतात. तेच देवनागरीत लिहावे. हल्ली सुशिक्षित घरांतून याच पक्षाचे प्राबल्य आहे, आणि या मासिकाचे वाचकही बव्हंशी त्याच घरांतले असल्यामुळे त्यांच्याशी आम्हास थोडे सविस्तर बोलावयाचे आहे.

या 'जागतिक' शब्दांचे कूळ काय आहे? लॅटिनमध्ये स्टॅमेन म्हणजे मागावरचा उभा धागा, आमच्या विणकराचा ताणा. पिस्टिल हा शब्द ज्या पिस्टिलम्‌वरून आला त्याचा अर्थ खलबत्त्यातला बत्ता. पोलन म्हणजे बारीक दळलेले पीठ. कोरोला म्हणजे लहानसा गजरा किंवा मुकुट. स्टिग्मा म्हणजे ग्रीक भाषेत खूण, डाग. अंबेला म्हणजे छत्री. स्पाइक म्हणजे धान्याचे कणीस. रेसीम म्हणजे द्राक्षांचा घड. पानाच्या व फुलाच्या देठांची लॅटिन नावे लहानशा पायावरून आली आहेत. युरोपच्या पंडितांनी फुलाकडे पाहिले तेव्हा त्यांना आकाशातले शब्द सुचले नाहीत. माग, खलबत्ता, जाते, गजरा आणि शेत आठवले. १७५१ साली लिनियसने आपल्या ग्रंथात परिभाषेला शिस्त लावली ती याच घरगुती शब्दांना नेमका अर्थ बांधून देऊन. तेव्हा आम्ही ज्याला पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणतो ते अनुकरण नव्हेच. खरे अनुकरण करावयाचे तर त्यांचे शब्द उचलावयाचे नसून त्यांची रीत उचलावयाची. आणि त्यांची रीत म्हणजे आपल्या घरात, आपल्या शेतात शब्द शोधण्याची. ज्या वर्ध्यात सेवाग्रामच्या साक्षीने चरखा व माग यांचे नाव देशभर झाले, त्या वर्ध्यातल्या मुलाला स्टॅमेन म्हणजे ताणा हे कोणी सांगत नाही, आणि तो मात्र स्टॅमेन हा शब्द इंग्रजांच्या बुद्धीचा चमत्कार समजून घोकतो.

यावर एक खरा आक्षेप निघतो व तो टाळणे आम्हास शोभणार नाही. इंग्लंडातही असा प्रयत्न झाला होता. १७७६ साली विल्यम विदरिंग याने आपल्या वनस्पतिग्रंथात लॅटिन नावांऐवजी साधे इंग्रजी शब्द योजिले. पुंकेसराला 'चाइव्ह' आणि स्त्रीकेसराला 'पॉइंटल'. दुसऱ्या बाजूने इरॅस्मस डार्विन व त्याचे लिचफील्डचे सहकारी यांनी लिनियसच्या ग्रंथाचे भाषांतर करताना लॅटिन रूपे जवळजवळ तशीच ठेवली. शेवटी लॅटिनच टिकले. चाइव्ह आज स्वयंपाकघरातल्या पातीला म्हणतात. मग मराठीतही संस्कृत किंवा इंग्रजीच टिकणार, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, इंग्रजीत लॅटिन आधीच घरातले झाले होते. अर्धे इंग्रजी त्याच मातीचे आहे. मराठीत तेच स्थान संस्कृताला आहे हेही आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच संस्कृत शब्दांवर आम्ही बहिष्कार घालीत नाही. 'केसर', 'पराग', 'बीज' हे संस्कृतच आहेत. पण ते आमच्या ओव्यांतून, गाण्यांतून, स्वयंपाकातून घरात नांदलेले आहेत. 'पुंकेसर' व 'स्त्रीकेसर' हे शब्द याच कारणाने यशस्वी झाले. नांदलेला शब्द आणि कोशातून ओढून आणलेला शब्द यांत फरक आहे, एवढेच आमचे म्हणणे. शिवाय जर्मन लोकांकडे पाहावे. शास्त्रात ते कोणाच्या मागे नाहीत; तरी त्यांच्या भाषेत पुंकेसर म्हणजे 'धुळीचे पान', बीजांडाचा कोश म्हणजे 'फळाची गाठ', आणि ते परागग्राही टोक म्हणजे 'व्रण'. या बोलींनी त्यांचे शास्त्र गावंढळ झाले नाही.

आता गावंढळपणाचा प्रश्न निघालाच आहे, तर आमच्या गावंढळ शब्दांची थोडी मोजदाद करू. इंग्रजीत ज्याला सरसकट 'पॉड' म्हणतात त्यात आमचा शेतकरी भेद करतो: तुरीची शेंग, पण हरभऱ्याचा घाटा. धान्याच्या तुऱ्यांत भेद करतो: ज्वारीचे कणीस, गव्हाची ओंबी. ज्वारीचा तुरा पानाच्या आवरणात दडलेला असतो तेव्हा पीक 'पोटरीत' आहे म्हणतो. तो बाहेर आला की 'निसवले' म्हणतो. मग फुलोरा, मग चिकातला दाणा, मग हुरडा. ज्या अवस्था दाखविण्यास शास्त्रज्ञाला अंकांचे कोष्टक करावे लागते, त्या त्याने एकेका शब्दात बांधल्या आहेत. आंब्याला मोहोर, संत्र्याला बहर. आणि बहरातही आंबिया निराळा, मृग निराळा. मोगऱ्याचे बटमोगरा, हजारी मोगरा, मदनबाण हे भेद माळ्याने केले. हे निरीक्षण नव्हे तर काय?

आणि या शब्दांची किंमत केवळ वाङ्मयीन नाही, हे दाखविणारा एकच शब्द सांगतो: 'डोमकळी'. गुलाबी बोंडअळी कपाशीच्या कळीत शिरली म्हणजे ती आतून आपल्या तंतूंनी पाकळ्या एकमेकींना जखडून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या अर्धवट कळीसारखे मिटून राहते. ती डोमकळी. अळी आली आहे हे ओळखण्याची ही अगदी पहिल्या खुणांपैकी एक. २०१७ साली विदर्भात या अळीने जो कहर केला तो आमच्या जिल्ह्यातील घराघरांस ठाऊक आहे. त्यानंतर कृषी खात्याच्या व कृषी विद्यापीठांच्या पत्रकांतून 'डोमकळ्या शोधून वेचून नष्ट करा' हा उपदेश सारखा येऊ लागला. पत्रक लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांनी हा शब्द शेतातून घेतला व त्याला शास्त्रीय अर्थ बांधून परत शेताला दिला. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पातेगळ, बोंडसड ही परिभाषाही अशीच उभी राहिली, व ती एका शब्दाचेही भाषांतर न मागता शेतकऱ्यास समजते. समजा, हे काम एखाद्या परिभाषा-समितीकडे असते व तिने 'असंविकसित-दलपुंजावस्था' असा शब्द मंजूर केला असता. पत्रक शुद्ध झाले असते. अळीने मात्र ते वाचण्याची वाट पाहिली नसती. परिभाषा हा पंडितांचा विरंगुळा नाही. कित्येकदा तिच्यावर वर्षाचे पीक अवलंबून असते.

यावर म्हणतील, शेतकऱ्याचा शब्द स्थूल असतो, शास्त्राला सूक्ष्म भेद लागतात. काही ठिकाणी हे खरे आहे, आणि जेथे खरे आहे तेथे आम्ही नवा शब्द आनंदाने घेऊ. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण पहा. निरीक्षण पक्के आहे; परंतु वनस्पतिशास्त्र म्हणेल की ती तीन पाने नसून एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत. येथे 'पर्णिका' हा शब्द हवाच. दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूची जी 'पाकळी' आपण उपटतो ती पाकळी नसून एक संपूर्ण फूल आहे; आपण ज्याला एक झेंडू म्हणतो ती फुलांची भरलेली सभा आहे. तेथे विश्वकोशातला 'पुष्पक' हा शब्द फार सुंदर आहे; लहानसे फूल हा अर्थ तो स्वतःच सांगतो. बोगनवेलीचा जांभळा रंग पाकळ्यांचा नसून फुलाजवळच्या पानांचा आहे, आणि केळफुलाची तांबडी सालेही तशीच. त्यांना 'छद' म्हणावे, आमची हरकत नाही. थोडक्यात, आम्ही नियम असा करतो: रूढ शब्द असेल तर तो घ्यावा व त्याचा अर्थ नेमका करावा, रूढ शब्द चुकीची समजूत देत असेल किंवा नसेलच, तर नवा शब्द असा घडवावा की तो ऐकताच निम्मा अर्थ कळावा, आणि वनस्पतींची जागतिक लॅटिन नावे मात्र जशीच्या तशी देवनागरीत लिहावी, कारण ती साऱ्या जगाची ओळखपत्रे आहेत. पळसाला ब्युटिया मोनोस्पर्मा म्हणण्यात मराठीची काही हानी नाही. उलट मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी, हे सांगितले की शेंगेच्या टोकाशी असलेले ते एकुलते बी विद्यार्थी जन्मभर विसरणार नाही.

वाद शब्दांचा आहे, तेव्हा प्रत्यक्ष नमुना द्यावा हे बरे. पळसाच्या फुलाचे वर्णन तीन रीतींनी करून पाहू. तिन्ही नमुने आमचेच आहेत. पहिला, सुशिक्षितांचा: 'पळसाचा कॅलिक्स व्हेल्व्हेटी, कोरोला पॅपिलिओनेशस, स्टॅमेन्स टेन, डायडेल्फस, ओव्हरी सुपीरियर.' दुसरा, पंडितांचा: 'संवर्त मखमली, पुष्पमुकुट पतंगरूप, केसरदले दहा व द्विसंघ, किंजपुट ऊर्ध्वस्थ.' तिसरा असा: 'पळसाच्या फुलाला तळाशी काळपट मखमली वाटी असते. पाकळ्या पाच, एक निशाणासारखी उभी, दोन बाजूंना पंखांसारख्या, आणि उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून राघूच्या चोचीसारख्या वाकलेल्या. चोचीच्या आत दहा पुंकेसर. नऊ तळाशी जुळलेले, दहावा मोकळा. त्यांच्या मधोमध एक स्त्रीकेसर. त्याचे पोट वाटीच्या वर सुटे बसलेले. त्याचीच पुढे चपटी शेंग होते.' पहिले दोन्ही परिच्छेद आखूड आहेत, तिसरा लांब आहे, हे खरे. परंतु पहिले दोन ज्याला आधीच सारे कळते त्यालाच कळतात, आणि तिसरा वाचून ज्याने पळस कधी पाहिला नाही तोही फाल्गुनात तो ओळखील. निशाण, पंख व नौतल ही जी पाकळ्यांची नावे इंग्रजी पुस्तके देतात तीही लॅटिनमध्ये झेंडा, पंख व जहाजाचा कणा हीच आहेत. आणि राघूची चोच तर आमच्या पूर्वजांनी फार पूर्वीच पाहिली होती. पळसाला 'किंशुक' म्हणजे 'हा पोपट की काय?' असे नाव त्यांनी दिले ते उगीच नव्हे.

या रीतीने परदेशी फुलाचेही वर्णन होते की नाही, ही शंका उरेल. पिओनी घ्या. हे फूल चीनच्या व युरोपच्या बागांचे. आमच्या वर्ध्याच्या उन्हात ते जगणार नाही. हिमालयात मात्र त्याची एक जात, पिओनिया एमोडी, रानटी उगवते. इंग्रजी बागवानीच्या पुस्तकांवर वाढलेल्या आमच्या काही स्नेह्यांना पिओनीचे प्रकार तोंडपाठ आहेत, पण अंगणातल्या तगरीचे भाग सांगता येत नाहीत. पिओनीची बाहेरची हिरवी दले फळ धरल्यावरही गळत नाहीत, पुंकेसर असंख्य, मध्यभागी दोन ते पाच स्त्रीभाग सुटे सुटे, आणि प्रत्येकाचे असे फळ होते की जे एकाच बाजूने उकलते. कसे उकलते? शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात त्या रुईचे फळ उकलते तसे. बागेतल्या पिओनीत पुंकेसरांच्याच पाकळ्या होऊन फूल गच्च भरते. दुहेरी जास्वंदीतही हेच होते, आणि 'दुहेरी' हा शब्द आमच्या माळ्याजवळ आहेच. पिओनीच्या बागवानांनीही आपल्या फुलांच्या एका गच्च भरलेल्या प्रकाराला 'बॉम्ब' हे नाव देऊन ठेवले आहे! त्यांना त्याची लाज वाटली नाही. आम्हास 'बोंड' म्हणण्याची लाज का वाटावी?

एक अडचण मात्र खरी आहे व ती लपवून चालणार नाही. बोलीतले शब्द मुलखामुलखाला बदलतात. आमच्याकडे बोंड म्हटले की कपाशी. कोकणात बोंडू म्हटले की काजूचा रसाळ भाग. तेव्हा निवड करावी लागेल व निवडीत कोणाचा तरी शब्द मागे राहील. राहू द्यावा. १८३१ साली मोल्सवर्थने कोश सिद्ध केला तेव्हा त्याने गावोगावचे व धंद्याधंद्यांचे शब्द जमा करून त्यांतील भेद नोंदविले. परक्या माणसाने जे कष्ट घेतले ते आमच्या संस्थांना जड का वाटावेत? १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. विश्वकोशाचे कार्य चालू आहे. पाठ्यपुस्तकांसाठी बालभारती आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासारखी विद्यापीठे शेताच्या भाषेत लिहीत आहेत. परंतु यांपैकी एकाचा शब्द दुसऱ्याच्या पुस्तकात दिसत नाही. चार हात असून टाळी वाजत नाही, असा हा प्रकार आहे.

याच गावात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली व शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेले असावे, असे तिने ठरविले. त्या योजनेचे पुढे काय झाले हा निराळा विषय आहे. परंतु तिच्यातील एक तत्त्व अजून जुने झालेले नाही: मूल जे हाताने करते व डोळ्याने पाहते तेथून विद्येची सुरुवात व्हावी. आमच्या शाळांनी मातृभाषेचे माध्यम ठेवले खरे, पण त्या माध्यमात मातेची भाषा ठेवली नाही. याचा परिणाम असा झाला की सामान्य पालक म्हणू लागले, 'मराठी पुस्तकही कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही. मग निदान न कळणारे इंग्रजी तरी घ्यावे, त्याने नोकरी लागेल.' हा हिशेब चुकीचा आहे असे म्हणण्याचे धैर्य आम्हास होत नाही. मराठी शाळा ओस पडण्याची कारणे अनेक आहेत, आणि न कळणारी मराठी हे त्यांतले एक आहे. ते दूर करणे इतर कारणांपेक्षा सोपे आहे, कारण त्यासाठी पैसा लागत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आहेत. भाषा संचालनालय, विश्वकोश मंडळ, बालभारती व कृषी विद्यापीठे यांनी एकत्र बसून फुलाच्या भागांची एकच यादी करावी, व ती करताना निदान एक शेतकरी, एक माळी व एक कापूस वेचणारी बाई यांना पंक्तीत बसवावे. कुक्षी आणि किंजल्क यांना सन्मानाने निरोप द्यावा. स्त्रीकेसराच्या तीन भागांना आम्ही माथा, मान व पोट म्हणू; याहून चांगले शब्द कोणी सुचविल्यास आम्ही ते घेऊ, मात्र पोट खालीच राहिले पाहिजे. निदलाऐवजी हिंदीतले 'बाह्यदल' घेण्यास आम्हास संकोच वाटत नाही. शेजारणीकडून विरजण आणले म्हणून दही परके होत नाही. वरच्या वर्गांत प्रत्येक मराठी शब्दाशेजारी जागतिक शब्द शिकवावा, म्हणजे पुढे इंग्रजी ग्रंथ वाचताना विद्यार्थी अडणार नाही. आणि प्रत्येक गावच्या शाळेने आपल्या शिवारातल्या पाच पिकांचे शब्द, बी रुजल्यापासून काढणीपर्यंत, एका वहीत उतरवून ठेवावेत. कपाशीच्या जागी सोयाबीन आले की कपाशीचे शब्दही शेताबाहेर जातात, आणि गेलेला शब्द पुढच्या हंगामात पेरता येत नाही.

वाचकांपैकी ज्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात त्यांनाही एक सांगणे आहे. मुलाने 'पेटल' म्हटले तर त्याला रागे भरू नये. पण त्याला पाकळी, पाते, डोमकळी व घाटा हेही शिकवावे. ते शिकविण्यासाठी पुस्तक लागत नाही, गावाकडच्या आजीला विचारले की पुरते. एवढेही ज्या घरांतून होणार नाही, त्या घरांनी मराठीच्या अभिजाततेबद्दल अभिमान बाळगू नये, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. ज्या भाषेत आपले शेत ओळखता येत नाही, तिच्या प्राचीनतेचा दाखला घेऊन करावयाचे काय?